धाकटीची शिंक

त्या गल्लीत एका बाजूला शिंपी होता, त्याच्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा, आणि त्यांच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, ओकारीचं दुकान होतं. पाटीवर अर्थातच तसं लिहिलेलं नव्हतं. पाटीवर 'औषधी मुळ्या व साली' असं सभ्य अक्षरांत होतं. पण दुकानात सगळ्यांत जास्त काय खपत असेल, तर ते ओकारी काढायचं मूळ. म्हणून सगळी गल्ली त्याला ओकारीचं दुकान म्हणायची आणि दुकानदाराला त्याचं वाईटही वाटत नसे. नव्या गिऱ्हाइकाला तोच आपण होऊन सांगायचा, की लोक खाण्यावर पोट भरतात, आम्ही ओकण्यावर भरतो.

हा विनोद त्याने सगळ्यांत आधी सांगितला होता तो आपल्या बायकोला, लग्नानंतर ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा. ती इतकी हसली की हातातली चाळणी खाली पडली. माहेरी ती दोघींतली थोरली. सासरी आल्यावरही तिच्या वागण्यातलं थोरलेपण काही सुटलं नाही. वर्षभरात तिने दुकानाची कळा बदलून टाकली. बरण्या घासल्या, खोके उंचीप्रमाणे लावले, आणि मूळ कुटायचं काम नवऱ्याच्या हातून काढून स्वतःकडे घेतलं.

ते काम येरागबाळ्याचं नव्हतं. मूळ दिसायला काळपट, वेडंवाकडं, अंगावर कडीला कडी लागलेली, जणू कुणी मणी ओवलेत. गुण सगळा वरच्या सालीत. आतली काडी तारेसारखी चिवट आणि कुचकामी. खलात हलक्या हाताने ठोकलं तर साल तडकून सुटते आणि काडी अख्खी राहते. जोर जास्त झाला, की काडीचाही भुगा होतो आणि माल हलका पडतो. काड्या वेचून टाकायच्या, साल बारीक कुटायची आणि मग वस्त्रगाळ करायची. त्यातली चिमूट पोटात गेली तर छातीतला कफ सुटतो, जास्त गेली तर पोटात असेल नसेल ते बाहेर येतं. पोराने भलतंसलतं गिळलं की गावातले डॉक्टर आधी ह्या मुळाची आठवण काढत, आणि मूळ चांगलं हवं तर ह्याच दुकानात माणूस धाडत.

वस्त्रगाळ करायला दोन माणसं लागायची. मलमलीच्या कापडाला चार टोकं आणि माणसाला हात दोनच. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, मध्ये भुकटी घालायची आणि कापड हलवायचं. एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं. खाली परातीत पीठ पडत राहायचं, धुक्यासारखं. थोरलीचा आणि तिच्या नवऱ्याचा संसार त्या कापडाच्या दोन बाजूंना उभं राहूनच झाला म्हणायला हरकत नाही. मुलाचं नाव तिथेच ठरलं, त्याला शिकायला परगावी पाठवायचं तिथेच ठरलं, भांडणंही तिथेच झाली. आणि कापड हलवताना रुसून बसता येत नाही, त्यामुळे मिटलीही तिथेच.

मग थोरलीला शिंका यायला लागल्या. आधी नुसत्या शिंका. मग टाळूला खाज, मग डोळ्यांना पाणी. तिने कुणाला सांगितलं नाही. धुळीचं काम म्हटलं की शिंका आल्याच. पुढे छातीत शीळ वाजू लागली, आणि एका दुपारी ती तिवईवर बसल्या जागी श्वासासाठी तडफडली. डॉक्टरांनी तिला वाचवलं आणि मग चांगलं फैलावर घेतलं. ह्या मुळाची धूळ काही माणसांना डसते, ते म्हणाले. एकदा डसली की मग ती जन्मभर ओळख विसरत नाही. पहिल्या शिंकांना आला असतात तर एवढं वाढलं नसतं. आता दुकान हवं की श्वास हवा, ते तुम्हीच ठरवा.

ठरवण्यासारखं काही नव्हतं. थोरली घरी बसली. दुकान दोन गल्ल्या सोडून, पण तिच्यासाठी ते साता समुद्रापलीकडे गेलं. नवरा संध्याकाळी घरी आला, की आधी मागच्या दाराने न्हाणीत जायचा, डोक्यावरून आंघोळ करायचा, दुकानाचे कपडे बाहेरच दोरीवर टाकायचा, आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचा. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. इतकं करूनही कधी कानामागे पावडर राहायची आणि थोरली शिंकायची. मग तो हसून पुन्हा न्हाणीत जायचा.

दुकानात माणूस हवं होतं. बाहेरचे दोघंजण ठेवून पाहिले. एक काडीसकट कुटायचा आणि दुसरा कुटायचाच नाही. नेमकी तेव्हाच धाकटी परत आली. तिच्या नवऱ्याने दुसरं घर मांडलं होतं, आणि ती एक ट्रंक घेऊन बहिणीच्या दारात उभी राहिली होती. थोरलीने तिला पोटाशी धरलं, जवळच एक खोली पाहून दिली, आणि नवऱ्याला म्हणाली, की तिलाच घ्या दुकानात, घरचं माणूस बरं. हे तिचे स्वतःचे शब्द. पुढे कितीतरी दिवस तिला ते आठवायचे आणि ती स्वतःलाच म्हणायची, की बाई, दुसऱ्या कुणी नाही, तूच हात दाखवून अवलक्षण केलंस.

कारण धाकटी म्हणजे लहानपणापासून धांदरट. दूध तापवायला ठेवलं तर उतू घालवणारी, सुई दिली तर बोटात घुसवणारी. आईने थोरलीचे उतरलेले कपडे तिला घालावेत आणि तिने ते आठवड्यात फाडावेत. थोरलीचे बूट, थोरलीची पुस्तकं, थोरलीचा गरम कोट; सगळं आधी थोरलीने वापरायचं आणि मग धाकटीने. थोरलीच्या मनात होतं, की ही दुकानातही सांडलवंड करील, नवरा घरी येऊन हसत सांगेल, आणि आपण म्हणू, जाऊ द्या हो, शिकेल हळूहळू.

तसं झालं नाही. थोड्याच दिवसांत नवरा जेवताना सांगू लागला, की धाकटीचा हात काय हलका आहे. खलात मूळ ठोकते ते वाजतसुद्धा नाही. काडी निघते ती सळसळीत अख्खी. मग म्हणाला, तिची वस्त्रगाळ डोळ्यांत घातली तरी खुपणार नाही. थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला. हे वाक्य थोरलीचं होतं. ह्याच माणसाने तिच्याबद्दल दहा जणांना सांगितलेलं, शब्द न् शब्द तेच. तिने विचारलं, एप्रन कोणता घालते ती. नवरा म्हणाला, तुझाच, खुंटीवर होता तो. आणि बसते कुठे? तुझ्याच तिवईवर, आणखी कुठे बसेल?

 त्या दिवसापासून ती तिवई तिच्या मनातून काही केल्या हलेना. नवऱ्यावर तिचा संशय नव्हता, निदान दिवसा तरी नव्हता. तो सरळ माणूस. त्याच्या मनात काही असतं तर त्याच्या तोंडावर आधी उमटलं असतं. धाकटीवरही संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. संशयिताशी भांडता तरी येतं. इथे भांडायचं कशावरून? माझ्या तिवईवर बसतेस म्हणून? मीच बसवलेल्या माणसाशी?

एकदा धाकटी रविवारी जेवायला आली आणि सहज म्हणाली, की भाऊजी काय विनोदी आहेत गं, काल गिऱ्हाइकाला म्हणाले, लोक खाण्यावर पोट भरतात. पुढचं तिला हसू आल्यामुळे बोलता येईना. थोरलीही हसली. मग भांडी घासताना तिने एक बशी फोडली, मुद्दाम नव्हे, पण तसं अगदी चुकूनही नव्हे.

मग ती शिंप्याकडे जायला लागली. शिंप्याच्या दुकानाला मोठी काच होती आणि काचेतून समोरचं दुकान स्पष्ट दिसायचं. मधे रस्ता असल्यामुळे धुळीचं भय नव्हतं. थोरलीने आधी नवऱ्याच्या पॅंटी आखूड करायला नेल्या, मग त्याच लांब करायला नेल्या. बाह्या, कॉलरी, पडद्यांच्या झालरी; घरात शिवण म्हणून काही शिल्लक राहिली नाही. शिंपी मिस्कील माणूस. म्हणाला, बाई, तुमच्या घरातली माणसं उंचीने कमीजास्त होतात की काय? ती म्हणाली, होतात, आणि काचेजवळच्या खुर्चीवर बसली.

तिथून तिने ते पाहिलं. दुपारची वेळ, समोरच्या दुकानात खिडक्या बंद. वाऱ्याने भुकटी उडू नये म्हणून वस्त्रगाळ करताना दारंखिडक्या लावूनच घ्याव्या लागत. काचेआड नवरा आणि धाकटी समोरासमोर उभे होते. हातात मलमलीची टोकं. तो ओढायचा, ती सोडायची. ती ओढायची, तो सोडायचा. तो काहीतरी बोलत होता आणि ती मान तिरकी करून ऐकत होती. एवढंच. हातालासुद्धा हात लागत नव्हता. पण थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, ह्यापेक्षा त्यांना एकमेकांच्या गळ्यात पडलेलं पाहिलं असतं तर सोसलं असतं. शिंप्याने विचारलं, दुमड किती ठेवू? ती म्हणाली, ठेवा तुम्हाला हवी तेवढी.

आणि अशातच धाकटी शिंकली.

तीही रविवारचीच गोष्ट. धाकटी थोरलीकडे यायची तेव्हा न्हाऊन, धुतलेले कपडे घालून यायची. तेवढी काळजी ती न चुकता घ्यायची. जेवण झालं, चहा झाला, आणि धाकटीला लागोपाठ तीन शिंका आल्या. मग तिने जीभ टाळूला लावून टक् असा आवाज केला, टाळू खाजवल्यासारखा. पुन्हा टक्.

थोरलीच्या हातात किटली होती. तिने ती सावकाश खाली ठेवली. तो आवाज ती अंधारातही ओळखू शकली असती. तीन शिंका, मग टाळू. मग डोळे. मग छाती. रस्त्यावरचे मैलाचे दगड जसे एकामागून एक येतात, तसं तिने ते सगळं स्वतःच्या अंगावर मोजलं होतं. पहिल्या शिंकांना आला असतात तर, हे डॉक्टरांचं वाक्यही तिच्या कानात होतं. तिने बहिणीकडे पाहिलं. धाकटी नाक पुसत म्हणाली, सर्दी झालीय वाटतं.

"थंडी बाधली असेल," थोरली म्हणाली. "गरम पाणी देते तुला."

तिने गरम पाणी दिलं, त्यात मध घातला, वर शालही दिली पांघरायला. त्या दिवशी ती बहिणीशी गेल्या कितीतरी महिन्यांत वागली नव्हती इतकी गोड वागली. आणि धाकटी गेल्यावर, कपबशा विसळताना, तिच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय.

त्यानंतरचे दिवस थोरलीला हलके गेले. साप मरणार होता आणि काठीला हातही लावावा लागणार नव्हता. ती मनाशी म्हणायची, मी काय केलं? मी काही केलेलं नाही. मला कुणी सांगितलं होतं का? मीही माझी मीच शिकले. तिला धाकटीचं वाईट व्हायला नको होतं. तिला फक्त तिवई रिकामी व्हायला हवी होती. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं ती स्वतःला रोज सांगायची, आणि रोज सांगावं लागायचं, ह्यातच काय ते आलं. दर रविवारी ती धाकटीचा चेहरा न्याहाळायची. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या. मग पापण्या सुजल्या. धाकटी बाहीत रुमाल ठेवू लागली. जिना चढून आली, की दारात थोडी थांबून मगच आत यायची, आणि थांबल्याचं कारण म्हणून पायपुसण्यावर उगाच पाय घासत राहायची. थोरली आतून ऐकायची आणि म्हणायची, ये गं, किती पाय पुसशील.

नवरा भोळा असला तरी आंधळा नव्हता. एके संध्याकाळी आंघोळ करून, केस पुसत तो स्वयंपाकघरात आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"धाकटीची सर्दी काही हटत नाही," तो म्हणाला. "मला सारखं वाटतंय, तुझ्यासारखं तर नसेल? तुला कळेल. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही."

थोरली कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"नाही," ती म्हणाली. "माझं वेगळं होतं. तिची साधी सर्दी आहे."

"नक्की?"

"नक्की. लहानपणापासून सर्दीचीच आहे ती."

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि टॉवेल दोरीवर टाकायला गेला. थोरली कांदा चिरत राहिली. इतके दिवस ती नुसती गप्प होती. गप्प राहणं म्हणजे काही करणं नव्हे, असं तिला म्हणता येत होतं. आता तेही गेलं. डोळ्यांत पाणी येत होतं ते कांद्याने येत होतं, आणि कांदा हातात आहे हे बरंच होतं.

मग नवा माल आला. पोती आली ती जुनाट, कुठेतरी ओल खाऊन पुन्हा वाळलेली, आणि उघडली की ढग उठावा अशी धूळ. नवऱ्याने रात्री तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं, की उरलेली पोती पार्सल ऑफिसात अडकलीत, ती सोडवायला उद्या जायला लागणार, धाकटी एकटीच कुटत बसेल. थोरलीने दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे न्यायला एक उशीचा अभ्रा काढून ठेवला.

ती काचेजवळच्या खुर्चीवर बसली तेव्हा समोर सगळं नेहमीसारखं होतं. दारंखिडक्या बंद, आत धाकटी, समोर खल. हात वर जायचा, खाली यायचा. मध्येच तिने बत्ता खाली ठेवला. रुमाल काढला. पुन्हा बत्ता घेतला. मग तो तसाच खलात टाकून दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकले, खांदे कानांपर्यंत वर चढवले आणि मान पुढे काढली.

ती बसण्याची तऱ्हा थोरलीच्या ओळखीची होती. त्या तिवईवर, त्याच एप्रनमध्ये, अगदी तशीच ती स्वतः बसली होती. धाकटीचं तोंड उघडं होतं आणि ती दाराकडे बघत होती. दार चार पावलांवर होतं. तिच्याने ते होणार नव्हतं, हेही थोरलीला माहीत होतं.

आणि थोरली बसून राहिली. किती वेळ, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. शिंप्याच्या मते काहीच वेळ नाही, मशीनची एक शिवण संपेपर्यंतसुद्धा नाही. पण तिला ठाऊक होतं, की ती बसून राहिली, आणि मनात एवढाच विचार होता, की कुणीतरी जाईल. घड्याळवाला जाईल, एखादं गिऱ्हाईक जाईल. कुणीतरी जाईल आणि मग आपल्याला काही ठरवायला नको. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धाकटी तिवईवरून घसरली आणि खाली बसली.

तेव्हा थोरली उठली. शिंप्याच्या इस्त्रीपाशी पाण्याचं भांडं होतं. त्यात तिने तो अभ्रा बुचकळला, नाकातोंडावर दाबला, आणि शिंप्याला डॉक्टरांकडे धाव म्हणून सांगून रस्ता ओलांडला. दार ढकललं तशी आतली हवा अंगावर आली, कोमट आणि कडवट. डोळे तिथेच मिटले. तिला डोळ्यांची गरजही नव्हती. ह्या दुकानात कुठे काय आहे ते तिच्या पायांना पाठ होतं. तिने धाकटीच्या काखेत हात घातले आणि तिला मागच्या मागे ओढत नेलं. खल आडवा झाला, परात उलटली, आणि भुरकट पीठ दोघींच्या अंगावर उडालं. उंबऱ्यापर्यंत येईतो अभ्रा हातातून कधीच सुटला होता. फुटपाथवर दोघी जवळजवळ बसल्या, गुडघ्यांवर हात, खांदे वर, तोंडं उघडी. धाकटीने तिचा दंड इतका घट्ट धरला होता, की पुढे कितीतरी दिवस बोटांचे वळ दिसत होते.

डॉक्टर धावत आले. दोघींना इंजेक्शनं दिली, दोघींचे कपडे काढून गुंडाळून फेकायला लावले आणि दवाखान्यात शेजारशेजारच्या पलंगांवर झोपवलं. नवरा आला तेव्हा दोघींचे श्वास जाग्यावर आलेले होते. डॉक्टर त्याच्यावरच घसरले. बायको अशी झाल्यावर दुसरी बाई तिथे बसवता, ती शिंकतेय ते दिसत नाही? घरात त्याच दुखण्याचं माणूस आहे, तिला एका शब्दाने विचारायचं तरी.

 "विचारलं होतं," नवरा म्हणाला.

त्याने थोरलीकडे पाहिलं नाही. ते तिला सगळ्यांत जास्त लागलं. मग तो पोत्यांचं काहीतरी बघायचंय म्हणून निघून गेला, आणि खोलीत दोघी बहिणीच राहिल्या.

बऱ्याच वेळाने धाकटी छताकडे बघत म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या शिंकेपासून."

धाकटीने मान हलवली. तिचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "मलाही माहीत होतं. तुझं सगळं झालं तेव्हा तू पत्रात लिहायचीस ना मला. पण मला सांगायचं नव्हतं. ते काम गेलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे? मला वाटायचं, ताईने ओळखलंय, तरी ती भाऊजींना सांगत नाहीये. मला वाटायचं, तू मला सांभाळून घेतेस."

थोरलीला ह्यावर गप्प बसता आलं असतं. बहिणीने तिच्या गप्प बसण्याला एक चांगलं नाव दिलं होतं. ते नुसतं घ्यायचं होतं. ती पलंगावर उठून बसली.

"सांभाळत नव्हते," ती म्हणाली. "वाट बघत होते."

"कशाची?"

"तू उठायची. माझ्या जागेवरून." मग तिला थांबता आलं नाही. "जन्मभर तुला माझं उतरलेलंच मिळालं, मला माहीत आहे. पण ते दुकान मी उतरवलेलं नव्हतं गं. माझ्या अंगावरून ते ओढून काढलं. आणि तू ते घालून बसलीस, आणि तुला ते माझ्यापेक्षा छान बसलं."

 धाकटीने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि एवढंच म्हणाली, की माझ्याकडे बघू नकोस. थोरलीने दुसरीकडे बघितलं.

नवऱ्याने घरी आरडाओरडा केला नाही. तो रोजच्यासारखा मागच्या दाराने यायचा, आंघोळ करायचा, समोर ठेवलेलं जेवायचा. आठवडा तसाच गेला. मग एके सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो म्हणाला, "तुझ्या श्वासाला त्रास नको म्हणून मी थंडीत गार पाण्याने न्हातो. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण तुझ्या शब्दावर मी तुझ्याच बहिणीला त्या धुळीत बसवली, त्याचं वाटतं." थोरली म्हणाली, मला तुमच्या दोघांच्या हातातलं ते कापड बघवत नव्हतं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं; कोणतं कापड, हे त्याला खरोखरच कळलं नव्हतं. तिने समजावून सांगितलं. तो बराच वेळ एकाच नाडीशी खेळत बसला, आणि मग म्हणाला, की ते हलवताना मी तिला तुझेच किस्से सांगायचो, दुसरं काय सांगणार. हे ऐकून थोरलीला बरं वाटायला हवं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुटायचं काम त्याने दुकानातून काढूनच टाकलं. गावाबाहेर एक गिरणी होती, तिथे बंद पेटीत दळण निघायचं. मूळ परस्पर तिथे जाऊ लागलं आणि दुकानात सीलबंद डबे येऊ लागले. पीठ पूर्वीसारखं होत नसे. डॉक्टर लोक कुरकुरले, मग सवयीचे झाले. दुकान भिंतीछतासकट धुतलं, चुना दिला, आणि पुढे डॉक्टरांच्या परवानगीने थोरली दिवसातून थोडा वेळ गल्ल्यावर बसू लागली. धाकटीला डॉक्टरांनीच दवाखान्यात ठेवून घेतलं, बाटल्या भरायला आणि चिठ्ठ्या चिकटवायला. थोरलीला ती रस्त्यात भेटायची. ताई, बरी आहेस ना, असं विचारायची, उत्तर ऐकून घ्यायची, आणि पुढे जायची. रविवारचं जेवायला येणं बंद झालं ते झालंच.

पुढच्या उन्हाळ्यात एक बाई दुकानात आली आणि थोरलीला सांगत बसली, की तुमची बहीण काय गुणाची, दवाखाना कसा आरशासारखा ठेवलाय, डॉक्टर म्हणतात असं माणूस आजवर मिळालं नाही. थोरलीला जुन्याच ठिकाणी चिमटा बसला. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. एवढं सगळं होऊन हे मेलं अजून जिवंतच आहे? बाई गेल्यावर तिने नवऱ्याला गल्ल्यावर बसायला सांगितलं आणि ती तडक धाकटीच्या खोलीवर गेली. कशासाठी जातोय, हे तिला जिना चढेपर्यंत ठरवता आलं नाही.

धाकटीने दार उघडलं. तिला पाहून ती काही क्षण तशीच उभी राहिली आणि मग बाजूला झाली. थोरलीने आत येऊन, खुर्चीवर न बसता, उभ्या उभ्याच सांगितलं, की आत्ता एक बाई तुझं कौतुक करत होती आणि मला सहन झालं नाही. म्हटलं, ह्या वेळी आधी येऊन तुला सांगावं.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या नाकपुड्या थरथरल्या. रागाने की कशाने, ते थोरलीला कळेना. मग कळलं, ती हसू दाबत होती.

"कोण बाई?" तिने विचारलं. "काय काय म्हणाली?"

थोरलीने सगळं सांगितलं, काही न गाळता. धाकटीने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती स्टोव्हपाशी गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "मी अजून माफ केलेलं नाही हं तुला."

"घाई नाही," थोरली म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.